तिरका काप

९ फेब्रुवारी, सोमवार

सरांचे ठोकळे अखेर हाती आले. संग्रहालयाच्या तळघरातून तीन खोकी वर आली, त्यांच्यावर इतकी धूळ की आणणाऱ्याने शिंकता शिंकता मला मनात शिव्याच घातल्या असणार. आत साबणाच्या वडीएवढे रेझिनचे पारदर्शक ठोकळे आणि प्रत्येकात अर्धी दाढ. ओरांगउटानची. उरलेली अर्धी सरांनी तरुणपणी हिरकणीच्या करवतीने कापली, घासून काचेवर चिकटवली आणि सूक्ष्मदर्शकाखाली मोजली. त्यांचा गाजलेला लेख त्या मोजमापावर उभा आहे. माणसाच्या दाढेवरचं इनॅमल, म्हणजे सगळ्यात वरचं पांढरं कठीण कवच, चांगलं जाड असतं. सरांचं म्हणणं असं की ओरांगउटानचंही लोक समजतात त्याहून बरंच जाड आहे, तेव्हा माणसाने उगाच ऐट करू नये.

आता दात कापावा लागत नाही. क्ष-किरणांनी त्याचे शेकडो पातळ फोटो काढायचे, संगणकात एकावर एक रचायचे आणि वाटेल तिथून कापून बघायचं. चुकलं तर परत. सरांना परत नव्हतं, करवत चालली की चालली.

माझं काम सरळ आहे. सरांनी हाताने मोजलं ते मी यंत्राने मोजायचं, शेजारी माणसांच्या दाढा ठेवायच्या आणि दोन्ही पद्धती जुळतात का ते सांगायचं. जुळतील असं सगळेच धरून चाललेत. मीसुद्धा.

ही वही कामाची नाही. कामाच्या नोंदी संगणकात असतात आणि तिथे "आज कंटाळा आला" असं लिहिता येत नाही.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

सर आले. निवृत्त होऊन किती वर्षं झाली, पण गुरुवार चुकवत नाहीत. दोन मजले चढून धापा टाकत दारातूनच विचारतात, "काय मायक्रॉन, काय म्हणताहेत दात?" वर्गात मी सगळ्यांत बुटकी, म्हणून मायक्रॉन, मिलिमीटरचा हजारावा भाग. चाळिशी उलटली, लेक माझ्या डोक्याच्या वर गेली, तरी मी मायक्रॉनच.

बरोबर काकूही होत्या. सरांनी एक ठोकळा उचलला आणि तो हातातून टेबलावर पडला.

"हात थरथरायला लागला का गं माझा?"

"छे हो सर, ठोकळाच गुळगुळीत आहे."

काकू म्हणाल्या, "तू फार गोड बोलतेस हं. घरातली साखर संपली की तुलाच बोलावून घेईन."

सर हसले. मीही हसले. शहात्तर वर्षांच्या माणसाला हात थरथरतो म्हणून सांगून कुणाचं काय भलं होणार आहे? त्यांचं भाषण लांबलं तरी मी "छान झालं" म्हणते, जुना विनोद तिसऱ्यांदा आला तरी हसते. त्यांनी मला घडवलं, त्यांच्यासाठी एवढं तर मी करूच शकते.

मग त्यांनी नेहमीचं सुरू केलं, कापायच्या आधी दाढ मेणात कशी बसवायची ते. "इनॅमलच्या खाली दाताचा आतला गाभा, डेंटिन, त्याची दोन शिखरं असतात. करवत त्या दोन्ही टोकांतून गेली पाहिजे. केसभर कलली तर जाडी फुगते. मी एकेका दाढेला दोन-दोन दिवस नुसता फिरवत बसायचो." हे मी इतक्यांदा ऐकलंय की मान हलवता हलवता दोन ईमेलना उत्तरं दिली.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

स्कॅन सुरू झाले. यंत्र चालवणाऱ्याला आम्ही सगळे फोटोग्राफर म्हणतो. माणूस सावकाश आहे, इतका की त्याच्याबरोबर लिफ्टसुद्धा हळू चालते.

माणसांच्या दाढा छोट्या नळीत ठेवून नुसत्याच स्कॅन केल्या. सरांचे ठोकळे मात्र तसेच्या तसे आत गेले, कारण रेझिनमधून दाढ सोडवायची तर ती फुटायची.

फोटोत इनॅमल सगळ्यात उजळ दिसतं, डेंटिन जरा गडद. मध्ये धूसर पट्टा. तिथे संगणकाला एक आकडा द्यावा लागतो: याच्याहून उजळ ते इनॅमल, गडद ते नाही. माणसांच्या दाढांवरून मी एक छान आकडा ठरवला आणि तोच सगळ्यांना लावायचा असं पक्कं केलं. माणूस असो की माकड, न्याय एकच.

फोटोग्राफर म्हणाला, "मॅडम, ठोकळ्यांचे फोटो जरा काळपट येतायत."

"दिसतंय ना सगळं?"

"दिसतंय तर."

"मग झालं."

वेळापत्रकात आपण एक दिवस पुढे आहोत. असं माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच घडतंय.

११ मार्च, बुधवार

जुळत नाही.

आधी वाटलं एखादी दाढ बिघडलेली असेल. पण सगळ्या दाढांचं तेच. माझ्या मोजणीत ओरांगउटानचं इनॅमल सरांच्या आकड्यांपेक्षा पातळ येतंय, आणि प्रत्येक वेळी पातळच, एकदाही जाड नाही. माणसांच्या दाढा मात्र पुस्तकांतल्या आकड्यांशी चोख जुळतात. म्हणजे माझी पद्धत ठीक आहे. मग सरांचे आकडे का फुगले?

उत्तर सुचलं तेव्हा मी कॅन्टीनमध्ये काकडी खात होते. काकडी सरळ चिरली तर चकती गोल येते आणि साल पातळ दिसतं. तिरकी चिरली की चकती लांबट आणि सालही रुंद. सरांची करवत कलली! तिरका काप जाडी नेहमी वाढवतो, कमी कधीच करत नाही. सगळं चपखल बसलं.

मला आनंद झाला, तो इथे कबूल करते. इतकी वर्षं सगळ्या जगाने मान डोलावली आणि चूक सापडली ती बुटक्या मायक्रॉनला. मग सरांचा चेहरा डोळ्यांसमोर आला आणि उरलेली काकडी ताटलीत तशीच राहिली.

१४ मार्च, शनिवार

नवऱ्याला सांगितलं. तो पुलांचे आराखडे तपासतो, त्यामुळे दुसऱ्याच्या चुका काढणं त्याच्या पोटापाण्याचा धंदा आहे.

"करवत कलली हे तू बघितलंस?"

"बघायला कशाला हवं? आकडेच सांगतायत."

"बरं. पण आधी त्यांच्या घरी जाऊन सांग. चारचौघांत नको."

"सांगते."

"गोड करून नको सांगूस. सरळ सांग."

आपलेच दात आणि आपलेच ओठ. बोलायचं तरी कुणाविरुद्ध?

२२ मार्च, रविवार

गेले होते. सरांनी स्वतः दार उघडलं, माझ्यासाठी खुर्चीवरची वर्तमानपत्रं उचलली. काकूंनी कॉफी केली. सर अगदी खुशीत होते. म्हणाले, "तुझं काम झालं की माझ्या मोजण्यांना पुढची पन्नास वर्षं कुणी हात लावणार नाही. मी नसेन, पण यंत्राचा शिक्का असेल." मग पुढे वाकून, शाळकरी मुलासारखे: "सांग ना, जुळतायत का?"

मी म्हटलं, "जवळपास, सर. अजून थोडं बाकी आहे."

काकू माझ्याकडे बघत राहिल्या. मी बिस्किट कॉफीत बुडवलं, ते तुटून तळाशी गेलं. पुढच्या महिन्यात परिषदेत हे मांडायचं आहे, त्याआधी फोनवर सांगेन.

९ एप्रिल, गुरुवार

फोन केला नाही. दोनदा उचलला आणि ठेवला.

आज परिषदेत मांडलं. सर पहिल्या रांगेत, इस्त्रीचा कोट घालून, काठी खुर्चीला टेकवून, शेजारी काकू. मी त्यांच्याकडे न बघता बोलले. तिरक्या कापाचा तक्ता पडद्यावर आला तेव्हा सभागृहात कुजबुज झाली. मी जमेल तेवढं मऊ शब्दांत सांगितलं, "त्या काळच्या साधनांच्या मर्यादा" वगैरे.

शेवटी सर उठले. 

"करवत माझी होती आणि हातही माझाच," ते म्हणाले. "यंत्र म्हणतं वाकडं, तर वाकडंच असणार. माझ्या विद्यार्थिनीने ते शोधलं यात मला आनंद आहे."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला रडू आलं. केवढं मोठं मन! मी उगीच घाबरत होते. नंतर बाहेर जेवणाच्या टेबलाशी त्यांना शोधलं तर ते निघून गेले होते. काकू म्हणे टॅक्सी बोलवायला घाईने पुढे गेल्या. काठी मात्र खुर्चीपाशीच विसरून गेले, ती मी उद्या पाठवून देईन.

विभागप्रमुखांनी खांद्यावर थाप मारली. "नाव काढलंस!"

१६ एप्रिल, गुरुवार

सर आले नाहीत. फोनवर म्हणाले, "जिने चढवत नाहीत गं आता." आवाज अगदी नेहमीसारखा होता. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. दोन-चार गुरुवार गेले की त्यांनाही बरं वाटेल.

१४ मे, गुरुवार

अजून आले नाहीत. आज मात्र बातमी आली. सरांनी नियतकालिकाला कळवून आपला तो जुना लेख मागे घेतला. कुणी मागितलं नव्हतं. माझा लेख अजून छापूनही आला नाही. एवढ्या वयात एवढा प्रामाणिकपणा, सगळ्या विभागात त्याचीच चर्चा.

काकूंना फोन केला. "कसे आहेत सर?"

"आहेत. सूक्ष्मदर्शक एका शाळेला देऊन टाकला. खोली रिकामी रिकामी वाटते."

"शाळेतल्या मुलांना किती उपयोग होईल ना, काकू."

त्यांनी तेवढ्यावर फोन ठेवून दिला. बहुतेक दाराची घंटा वाजली असावी.

३ जून, बुधवार

विनोद बघा. दुसऱ्यांचे दात मोजता मोजता माझीच अक्कलदाढ ठणकायला लागली. गाल सुजून पुरी. दंतवैद्यीण म्हणाली, "काढावी लागेल." नवरा म्हणाला, "मग उरलीसुरली अक्कलही गेली." दाढ अख्खी निघाली, अगदी पुस्तकात दाखवावी तशी. फोटोग्राफरने हौसेने नुसतीच स्कॅन करून दिली. इनॅमल छान जाड आहे. लेकीला ती रेझिनमध्ये बसवून किल्लीला अडकवायची आहे. आईची दाढ घेऊन हिंडणार कॉलेजात.

२३ जून, मंगळवार

यंत्राची दुरुस्ती झाल्यावर ते नीट चालतंय का बघायला फोटोग्राफरला एखादा नमुना हवा होता. लेकीच्या किल्लीची दाढ टेबलावर होती, ती दिली. आता ती ठोकळ्यात आहे. तोच आकडा लावला, मोजलं.

पातळ आली.

परत मोजलं. परत पातळ. जवळजवळ तेवढीच पातळ, जेवढ्या सरांच्या दाढा आल्या होत्या. माझीच दाढ, याच तोंडातली. एका दाढेला दोन जाड्या कशा असतील?

फोटोग्राफर शांतपणे म्हणाला, "ठोकळ्यात काळपट येतं, मॅडम. रेझिन थोडे किरण खातं. म्हटलं होतं मी." म्हणाला होता खरा. काळपट फोटोला उजळ फोटोचा आकडा लावला की कडेचं इनॅमल संगणक मोजतच नाही, ते डेंटिनमध्ये नाहीतर रेझिनमध्ये जमा होतं. ठोकळ्यांसाठी आकडा निराळा काढायला हवा होता, दाढेगणिक, त्याच दाढेच्या उजळ-गडदावरून. पहिल्या वर्षाच्या मुलांना मी हे शिकवते.

२५ जून, गुरुवार

सगळ्या दाढा नव्याने मोजल्या. जुळतात. सरांचे आकडे माझ्या आकड्यांशी असे जुळतात की दोघांनी एकाच खोलीत बसून मोजल्यासारखं वाटावं.

आणि काप. ठोकळ्याची एक बाजू म्हणजेच सरांच्या करवतीचा काप, स्कॅनमध्ये तो लख्ख दिसतो. कलला आहे की नाही हे बघायला किती वेळ लागला असता? चहा निवायच्या आत झालं. दोन्ही शिखरांची टोकं अगदी कापाच्या पृष्ठावर आहेत, प्रत्येक दाढेत. कुठेही कललेला नाही. दोन-दोन दिवस मेणात फिरवून त्यांनी जे साधलं होतं ते मी तिरकं म्हणून जगाला सांगितलं. न बघता. उत्तर इतकं देखणं होतं की मला तपासावंसंच वाटलं नाही.

मला स्वतःची लाज वाटते. चूक यंत्राची नाही. पद्धत नवी म्हणून मी शहाणी आणि हात म्हातारा म्हणून तो चुकलेला, असं मी धरलं. त्यांच्या तोंडावर हात स्थिर आहे म्हणत होते आणि मनात कधीचाच तो थरथरता ठरवून बसले होते.

पण अजून सगळं सावरता येईल. यावेळी फोन नाही, "जवळपास, सर" नाही. उद्याच जाते आणि सरळ सांगते. माझं नाक कापलं जाईल, जाऊ दे. सरांचा लेख परत उभा राहील.

२६ जून, शुक्रवार

सरांच्या खोलीत सूक्ष्मदर्शकाच्या जागी टेबलावर फिकट चौकोन उरलाय. ते आरामखुर्चीत होते, बारीक झालेत. मी बसायच्या आधीच सांगून टाकलं. आकडा चुकला, रेझिनमुळे चुकला, तुमचा काप सरळ आहे, तुमची मोजणी बरोबर आहे, चूक पूर्णपणे माझी. एका दमात. नवऱ्याने ऐकलं असतं तर शाबासकी दिली असती.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग हसले, पार पूर्वीसारखे.

"अगं वेडे," ते म्हणाले, "एवढं करायची काही गरज नाही."

"सर, मी खरं सांगतेय."

"हो, हो."

"तुम्हाला पडद्यावर दाखवते. संगणक आणलाय."

"तू दाखवशील ते मला दिसेलच. त्यातलं मला काय कळतं आता?" त्यांनी माझा हात हातात घेतला. "मायक्रॉन, इतक्या वर्षांत तू मला मनाला लागेल असं एकदा तरी बोललीस का? एकदाही नाही. सगळं गोड. तुझी काकू म्हणायची, ही तुमच्याशी कधी खरं बोलेल का? त्या दिवशी सभेत बोललीस. तेवढंच मला खरं वाटलं. तूसुद्धा बोलायला धजलीस, म्हणजे ते किती पक्कं असेल!"

मी रडायला लागले. रडले हीच चूक झाली. ते आणखी हळवे झाले. "माझ्यासाठी स्वतःचं चांगलं काम खोडू नकोस. गुरू म्हणून बजावतो. म्हाताऱ्याची समजूत काढायला विज्ञान नसतं."

मी काकूंकडे बघितलं. म्हटलं, काकू, तुम्ही तरी सांगा यांना. काकू दाराशी उभ्या होत्या. त्यांनाही कळेना, मी खरं बोलतेय की नेहमीचं.

२९ जून, सोमवार

विभागप्रमुखांनी बोलावून घेतलं. सरांनी त्यांना शनिवारी फोन केला होता. मी भावनेच्या भरात एक चांगला निष्कर्ष मागे घ्यायला निघालेय, मला आवरा, म्हणून. "पोरीचं नुकसान होईल" असं म्हणाले म्हणे.

मी सगळे स्कॅन टेबलावर मांडले. त्यांनी ते बघितले, माझी किल्लीची दाढही बघितली. त्यांना पटलं. माझा लेख मधल्या काळात छापून आला होता, त्याची दुरुस्ती छापायला पाठवली. त्यात स्पष्ट लिहिलं आहे की जुनी मोजणी अचूक होती आणि चूक माझी. 

८ जुलै, बुधवार

नियतकालिकाने कळवलं, लेखकाची इच्छा असेल तर मागे घेतलेला लेख पुन्हा मान्य करू. लेखकाची इच्छा नाही. सरांनी नम्रपणे नकार कळवला.

१६ जुलै, गुरुवार

आज सर आले. दोन्ही मजले चढून, काकूंचा हात धरून. दुरुस्ती छापून आलेली त्यांनी वाचली होती. दारातच मला जवळ घेतलं, फोटोग्राफरला म्हणाले, "बघितलंस, किती जीव आहे पोरीचा माझ्यावर? स्वतःच्या नावाला काळं लावून घेतलं."

मी त्यांना खुर्चीवर बसवलं आणि पडदा त्यांच्याकडे वळवला. त्यांच्याच दाढांपैकी पहिली घेतली. शिखरं दाखवली, काप दाखवला, कापावर टेकलेली टोकं दाखवली. माझा आकडा आणि त्यांचा आकडा शेजारी शेजारी ठेवले. मग दुसरी दाढ. मग तिसरी. मी हळू बोलत होते, एकही शब्द मऊ केला नाही.

सर लक्ष देऊन बघत होते. मध्ये मध्ये मान हलवत होते. मला क्षणभर आशा वाटली.

"दिसतंय ना, सर? सरळ आहे. तुमचा हात चुकला नव्हता."

"हो गं," ते माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले. "अगदी बरोबर आहे तुझं. छान केलंस."

तो आवाज मी ओळखला. इतकी वर्षं मी त्यांच्याशी याच आवाजात बोलत आले होते.